तानी शिंगे खाली उतरली नाही

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत लक्ष्मीबाई शिंगे दिवसभर चाळणीवर बसायची. संध्याकाळी खोकत खोकत घरी आली की पुन्हा सूप मांडीवर घ्यायची आणि विड्या वळायची. थोरली पोर तानी शेजारी बसून वळलेल्या विडीला दोरा बांधायची. तिची गाठ अशी बसायची की विडी ओढून संपली तरी दोरा जागचा हलायचा नाही. आळीतल्या बायका कौतुक करायच्या. लक्ष्मीबाईला त्या कौतुकाचा राग यायचा.

"ह्या बोटांचं गुणगान मला सांगू नगा," ती म्हणायची. "माझी पोर विड्या बांधून मरायची न्हाय."

तानी मॅट्रिक झाली आणि बेळगावच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला तिचं नाव लागलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वर्गात ती एकटी मुलगी. शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी पलीकडच्या इमारतीकडं बोट दाखवलं. तिकडं शिवणकामाचा वर्ग होता.

"पोरी तिकडं बसतात."

"माझं नाव हितं लागलंय सर. मी हितंच बसतो," तानी म्हणाली आणि बसली. पुढचं सगळं शिक्षण तिनं त्याच बाकावर पुरं केलं.

पण पास झाल्यावर नोकरी कोण देणार? खांबावर चढायच्या कामाला बाई कुणालाच नको होती. शेवटी बेळगावात पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात ती तांब्याची तार गुंडाळायला लागली. तिथंच एक दिवस कलगोंडा पाटील आले. सदलग्याच्या जैन शेतकऱ्याचं पोर, हवाई दलात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि आता सांबऱ्याच्या धावपट्टीच्या कडेला असलेल्या एका खासगी फवारणी कंपनीत विमानांचे इंजिनिअर. कंपनीची विमानं ऊस-कापसावर औषध मारत फिरायची. कलगोंडा एक छोटी मोटार भरून घ्यायला आलेले. तानीचं काम बराच वेळ बघत उभे राहिले.

"तुझा हात ह्यात जातोय का बघ," म्हणून त्यांनी काउंटरवरचा बिस्किटाचा उंच, अरुंद डबा पुढं केला. तानीनं कोपरापर्यंत हात घातला.

"आयतु, झालं काम," कलगोंडा म्हणाले. खूश झाले की त्यांच्या तोंडून कानडीच निघायचं. "सोमवारी सांबऱ्याला ये. विमानात वैमानिकापुढच्या घड्याळांच्या पाठीमागं आमचे हात जात न्हाईत."

अशी ती विमानापाशी आली.

विमानं म्हणजे तरी काय, तानीच्या वयाची, कुठकुठल्या देशांत वापरून टाकलेली धुडं. आतल्या वायरींवर रबर आणि वर सुती कापडाचं वेष्टण. बोट लावलं की कापड भुग्यासारखं गळायचं. त्यात फवारणीचं औषध. ते शेपटीपर्यंत कुठंही शिरायचं, आणि वायर जिथं जिथं स्क्रूखाली दाबलेली असे तिथं तिथं हिरवा कळंक चढायचा. दिवा लागायचा नाही, रेडिओ खरखरायचा, काटा उगाच नाचायचा. तानी पोटावर झोपून, हातात छोटा आरसा धरून एकेक सांधा घासायची, नवा करायची. वायरींचा जुडगा मेणाच्या दोऱ्यानं बांधायचा असतो. ते काम तिनं पहिल्यांदा केलं तेव्हा कलगोंडांनी चष्मा वर केला.

"हे कुठं शिकलीस गं?"

"विडीवर, आण्णा."

कलगोंडांचा एक नियम होता. ज्यानं विमानाचं काम केलं त्यानं चाचणीच्या उड्डाणाला वैमानिकाबरोबर वर बसायचं. दुसरा मिस्त्री शामू कैकदा वर जाऊन आला होता. तानीची पाळी मात्र कधी आली नाही. काम किरकोळ होतं, आज वारं फार आहे, पेट्रोल कमी आहे, काही ना काही निघायचं. निघायचं म्हणजे मॅनेजर काढायचे. प्रधान त्यांचं नाव, मुंबईहून आलेले, बोलायला गोड. तानी "मी करतो, मी जातो" म्हणाली की ते हसायचे. "अगं, करते म्हण, जाते म्हण."

"आमच्याकडं बाई पण करतोच म्हणती साहेब," तानी सांगायची. "आणि करती पण."

एकोणऐंशी साली कंपनीचं दोन सीटांचं विमान सदलग्याच्या उसावरून फिरत असताना घड्याळांच्या मागून धूर निघाला. घासून उघडी पडलेली वायर लोखंडी नळीला टेकली होती. कॅप्टन घोरपडे मुरलेले वैमानिक. त्यांनी सगळी वीज बंद केली आणि खोकत, डोळे पुसत विमान सांबऱ्याला आणून टेकवलं. उतरल्यावर त्यांनी हेल्मेट गवतात फेकलं आणि तिथंच बसून राहिले.

कलगोंडांनी ठरवलं, आता ठिगळं नकोत. जुनी वायर मुळापासून काढायची. जुना डायनामो जाऊन बॅटरी भरणारा नवा अल्टरनेटर बसणार होता, वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी दाबून पुन्हा चालू करायची बटणं येणार होती. आणि हे सगळं काम त्यांनी तानीकडं दिलं. पावसाळाभर विमान शेडमध्ये उघडं पडलं होतं आणि तानी त्याच्या पोटात होती. गौरीला ती निपाणीला गेली नाही. काम संपलं तेव्हा वायरींचे जुडगे असे दिसत होते की कलगोंडा बॅटरी मारून बघतच राहिले. गाठी एका रांगेत, कुठं सैल नाही, कुठं दोऱ्याचं टोक सुटलेलं नाही.

"शाब्बास," ते म्हणाले. हा शब्द शेडमध्ये कुणी ऐकला नव्हता.

चाचणीच्या सकाळी आभाळ मोकळं होतं. कॅप्टन पुढच्या सीटवर बसले. प्रधान हातात हेल्मेट घेऊन आले आणि ते त्यांनी शामूला दिलं.

"शामू, तू बस मागं."

शामूनं तानीकडं बघितलं. ती पंखावर पाय देऊन वर चढली, मागच्या सीटवर बसली आणि पट्टे आवळले.

"तानी, खाली उतर," प्रधान म्हणाले.

"न्हाय साहेब."

"बाईमाणूस आहेस. उद्या काही झालं तर तुझ्या आईला काय सांगू मी?"

"शामूच्या आयला काय सांगणार होता?"

शामू गुपचूप दोन पावलं मागं सरला. प्रधानांचा आवाज चढला. "नोकरीवरून काढीन!"

"काढा. विमान उतरल्यावर काढा. वायर मी वढलीय, मी बसणार."

कॅप्टन घोरपडे मागं वळून म्हणाले, "पोरी, वर पोटात ढवळतं. भीती वाटली तर?"

"तुमी माझ्या वायरींवर बसून वर चाललाय कॅप्टन. भ्यायचं तर तुमी भ्या."

घोरपडे एकदम मोठ्यानं हसले आणि त्यांनी काच ओढून घेतली. कलगोंडा कुणाकडंही न बघता वाकले आणि चाकांपुढचे लाकडी ठोकळे त्यांनी काढून घेतले.

जमीन सुटली. खाली बेळगावच्या किल्ल्याचा खंदक हिरव्या कंकणासारखा वळला, घरं बारकी झाली, रस्त्यावरची एसटी काडेपेटीएवढी दिसली. लक्ष्मीबाईला हे दाखवायला पाहिजे होतं, असं तानीच्या मनात आलं. पण ती स्वतः देखावा बघायला वर आलीच नव्हती. तिनं मान लांब करून कॅप्टनच्या खांद्यावरून चार्जिंगच्या काट्यावर डोळा ठेवला.

काटा नीट होता. कॅप्टननी दिवे लावले, रेडिओ लावला, विमान एका अंगावर कलतं केलं. आणि काटा हळूच खाली आला, मधली रेघ ओलांडून वजाच्या बाजूला जाऊन पडला.

तानीच्या कानशिलात रक्त उसळलं. तिनं कॅप्टनच्या खांद्यावर थाप मारली आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "चार्जिंग गेलं! बॅटरीवर चाललोय! रेडिओ ठेवा, बाकी सगळं बंद करा!"

इंजिन बंद पडायची भीती नव्हती. त्याची ठिणगी त्याची स्वतःची असते, बॅटरी मेली तरी पंखा फिरत राहतो. कॅप्टननी एकेक बटण बंद केलं आणि रुंद वळण घेऊन विमान उतरवलं. तानीला भीती शिवली नाही. आला तो राग, आणि तो सगळा स्वतःचाच.

प्रधान शेडच्या दारातच उभे होते. "बघितलंस? म्हणून सांगत होतो."

"बघितलं," तानी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता, पण मान खाली नव्हती. "चूक माझी हाय. वर बसलो म्हणून डोळ्यानं दिसली."

"उद्यापासून येऊ नकोस."

"विमान नीट करून जातो."

"ऐकू आलं नाही का?"

"आलं की. पण बिघडवून ठेवलेलं काम टाकून कशी जाऊ? तेवढं हुईस्तवर मी कुठं जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या भावकूला हुकूम होता, तिला आत सोडायचं नाही. भावकू बिचारा हात जोडून उभा राहिला. तानीनं त्याला काही त्रास दिला नाही. फाटकासमोरच्या दगडावर ती डबा आणि हत्यारांची पिशवी घेऊन बसली. कलगोंडा आले, त्यांनी बघितलं आणि तेही बाहेरच थांबू लागले.

"आण्णा, तुमी आत जावा. हे भांडण माझं हाय."

"भांडण तुझं, विमान माझं," कलगोंडा पुटपुटले, पण गेले. आत जाऊन त्यांनी शोधाशोध केली, शामूनंही केली. दोष सापडेना. उसाच्या फवारणीची बोलावणी येत होती आणि कलगोंडांच्या सहीवाचून विमान उडणार नव्हतं. दोन-तीन दिवसांनी कॅप्टन घोरपडेच फाटकाशी आले.

"काय वाटतं तुला, कुठं असेल?"

"सांगतो. पण आत येऊन सांगतो."

दुपारी प्रधानांचा निरोप आला, मागच्या दारानं ये. तानीनं पिशवी उचलली आणि पुढच्या फाटकातून, प्रधानांच्या खिडकीसमोरून चालत आत गेली.

दगडावर बसून तिनं दुसरं केलं तरी काय होतं? एकेक वायर मनात चाचपली होती. आता ती सरळ इंजिनाशी गेली आणि अल्टरनेटरकडून येणारी एक बारीक वायर तिनं दोन बोटांत धरून हलकेच ओढली. वरचं वेष्टण अखंड होतं, पण ते रबरासारखं ताणलं. आतली तार तुटली होती.

तुटली होती ती तिच्याच गाठीशी. इंजिन चालताना थरथरतं, जागच्या जागी हिसके खातं. वायरीला तिथं सैल वळसा लागतो, हलायला जागा लागते. तानीनं ती विडीसारखी करकचून बांधली होती. शेडभर ज्या गाठीचं कौतुक झालं, तिनंच तार तोडली होती.

"मी पण बॅटरी मारून बघितलं हुतं," कलगोंडा हळू म्हणाले. "गाठी बघून भुललो. तार बघितली न्हाय."

तानीनं सुरी घेतली आणि इंजिनाकडच्या सगळ्या गाठी कापून काढल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण एकही गाठ ठेवली नाही. मग नवी वायर घेतली, वळसा ठेवला, हलवून बघितली, पुन्हा बांधली.

दुसऱ्या चाचणीला तिनं कुणाला विचारलं नाही. चढली आणि बसली. प्रधान कचेरीतून बाहेर आले नाहीत. कॅप्टननी विमान डावीकडं कलवलं, उजवीकडं कलवलं, काटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठं तानीनं खाली बघितलं.

तिला काढून टाकायचं बोलणं पुन्हा कुणी काढलं नाही. पण तिनं विमान दुरुस्तीच्या लायसन्सची परीक्षा द्यायची म्हटल्यावर प्रधानांनी अनुभवाच्या दाखल्यावर सही नाकारली. 'बाईंनी हाताखाली मदत केली' एवढंच लिहून देतो म्हणाले. तानीनं तो कागद त्यांच्याच टेबलावर ठेवला. तिच्या हातचं प्रत्येक काम कलगोंडांनी स्वतःच्या लायसन्सवर तपासलेलं होतं. त्यांनी तसं लिहून दिलं आणि ते चाललं. पहिल्या खेपेला मुंबईला जाऊन ती नापास झाली. इंग्रजी आडवं आलं. पुन्हा बसली, त्यातही एक विषय राहिला. पंच्याऐंशी साली लायसन्स हातात आलं.

मधल्या काळात निपाणीच्या वखारीतल्या बायका मजुरीसाठी रस्त्यावर आल्या होत्या आणि लक्ष्मीबाई खोकत खोकत पुढच्या रांगेत चालली होती. "आमचा मोर्चा विमानातनं दिसला काय गं तुला?" असं तिनं लेकीला विचारलं होतं. तानीला बघायला आलेला एक पाहुणा म्हणाला, लग्नानंतर विमानाचं सोडावं लागेल. तर चहा प्यायच्या आधीच लक्ष्मीबाईनं त्याला उठवलं. "आमची पोर उतरत न्हाय," म्हणाली.

कलगोंडा सदलग्याला शेतीवर गेले. त्यांच्या जागी विमान सोडायची सही तानीची झाली, आणि नको तिथं ती सही कुणालाही मिळाली नाही. प्रधानांना तर नाहीच.

पुढं तिनं पिरनवाडीला दोन खोल्यांचं घर बांधलं. दारावर पाटी लावली, 'तानी मष्णू शिंगे, विमान विद्युत इंजिनिअर'. अक्षरं रस्त्यावरून वाचता येतील एवढी मोठी. गल्लीतली माणसं आधी हसली, मग कुणी इस्त्री घेऊन आलं, कुणी बंद पडलेला रेडिओ.

तानी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि पाटीकडं बोट दाखवायची.

"वाचा की वो. विमान असलं तर घेऊन या."