नववीतला आदिवासींवरचा तास

बी.एड.च्या इंटर्नशिपसाठी मला भूम तालुक्यातल्या एका गावातली शाळा मिळाली. तिथं खोली घेतली, पण ओळखीचं कुणीच नव्हतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळं घरी फोन लावला तरी शाळेतलं काय सांगावं ते कळायचं नाही, आणि बोलणं लवकरच संपायचं.

एकदा एसटीची वाट बघत असताना मागून आमची, पारध्यांची भाषा ऐकू आली. नववीतली एक मुलगी, हॉस्टेलवर राहणारी, फोनवर आईशी बोलत होती. मला बघताच ती मराठीत बोलू लागली. तरी त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात नववीला आदिवासींवर तास होता. मुलांनी चित्रं आणली होती. पानं नेसलेली, भाले घेतलेली माणसं.

"मॅडम, हे लोक लई लांब जंगलात राहतेत ना?" एकानं विचारलं.

"न्हाय रे," दुसरा म्हणाला, "पारधी बी त्यातच येतेत. ते रानाकडं आलेत म्हणलं की आमचा आजा झोपतच न्हाय!"

वर्ग हसला. ती मुलगीही हसली.

मी फळ्याकडं तोंड केलं. मग वळून म्हणाले, "मी पारधी आहे."

आणि पुढं सांगत राहिले. वडील शेळ्या राखतात, भाऊ पिकअप चालवतो. आजोबा तितरांसाठी फासे लावायचे. गावात काही चोरीला गेलं की पोलीस आधी आमच्या वस्तीवर यायचे, अजूनही येतात.

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळापाशी माझ्याजवळ आली.

"मॅडम, माझं सांगू नका." मग म्हणाली, "तुमी जाताल निघून. मला इथंच दहावी करायचीय."

"नाही सांगणार," मी म्हणाले. तेही मराठीतच.

दुसऱ्या दिवशी मुलं जपून प्रश्न विचारत होती. शेवटी तिनं हात वर केला.

"मॅडम, पारधी लोक घरी कोणती भाषा बोलतेत?"

"आमची वेगळी भाषा आहे."

"मग बोलून दाखवा की!" पोरं ओरडली.

तू चांगला प्रश्न विचारलास, असं मी तिच्याकडं बघून आमच्या भाषेत म्हणाले. सगळ्यांबरोबर तीही हसली आणि शेजारणीला विचारू लागली, "काय म्हणल्या गं मॅडम?"

मी मराठीत अर्थ सांगितला. त्या गावात आल्यापासून समोरच्या माणसाशी आमच्या भाषेत मी बोलले, ते एवढंच.