शिवाला पिंजाऱ्याकडे सोडून आलो

आईनं एकच धोशा लावला होता, "माझ्या माघारी ह्याला कोण बघंल?" धाकटा भाऊ शिवा जन्मापासून बहिरा-मुका. मिसरूड फुटून जुनं झालं, तरी हाताला धंदा नाही. महाराजांनी कोल्हापुरात शिकणाऱ्या पोरांसाठी वसतिगृहं काढली, पण आमच्या शिवाला कोण घेणार? शेवटी तिथल्या कासीमचाचाकडे कापूस पिंजायला ठेवायचं ठरलं. दर साल गाद्या भरायला तो आमच्या गडहिंग्लजला यायचा.

बैलगाडीनं जाणाऱ्यांनी दोन दिवस धरावेत. निपाणीपर्यंत हाडं खिळखिळी होतात. तिथल्या धर्मशाळेत जागा फुकट, ढेकूणही फुकट! भाकरी आणि खर्डा घरूनच बांधून न्यावा. कागलजवळ नदीवर बैलं सोडली, तर शिवा पाण्यात उड्या मारायला लागला. त्याला वाटत होतं, जत्रेला चाललोय.

"पोरगं लई खूश हाय की," गाडीवान म्हणाला. मी बैलांना पाणी दाखवायला वळलो.

कोल्हापुरात अंबाबाईला हात जोडले आणि चाचाचं घर गाठलं. त्यानं कमान शिवाच्या हातात दिली. कापूस फुलत गेला तशी कमानीला ताणलेल्या तातीची थरथर बदलली, आणि ती शिवाला हातालाच कळली.

"आयला, काम येतंय की ह्याला!" चाचा म्हणाला. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोललो.

पण पिंजाऱ्याला गल्लोगल्ली तात वाजवत हिंडावं लागतं. सकाळी शिवा पुढं, आम्ही मागं. माडीवरून एका बाईनं हाक मारली, "ओ पिंजारी!" शिवा सरळ पुढं. आणखी दोन घरांतून हाका आल्या, तरी मान वर नाही.

"मिजास बघा मेल्याची!" बाई कडाडली.

मी धावत जाऊन फरशीवर टाच आपटली. घरी आम्ही त्याला असंच बोलावतो. सारवलेल्या जमिनीतून तळपायाला धक्का बसतो आणि तो वळतो. दगडी फरशीनं काही दाद दिली नाही.

"पावणं, ह्याला बघायची सवयच न्हाय," चाचा म्हणाला. "तुम्ही पाय आपटायचा, ह्यानं वळायचं. गल्लीत कोण आपटणार?"

"मग नेऊ परत?"

"ठेवा. दार आलं की वर बघायचं, एवढंच शिकवतो. पण दिवाळीपातूर घरचं कुणी येऊ नगासा."

दुपारी शिवा पडवीत पाठमोरा पिंजत बसला होता. केसांत कापूस. चाचाच्या पडवीतली जमीन सारवलेली होती. एक टाच आपटली असती, तर वळला असता आणि माझ्यामागं आला असता. मी चपला हातात घेतल्या आणि चवड्यांवर, चोरासारखा बाहेर पडलो.

शेजारी विचारतात, रंकाळा बघितला का? नाही बघितला. परतीच्या वाटेवर कागलची नदीही डोळे मिटून ओलांडली.

घरी आलो त्या संध्याकाळी आईनं ताटं मांडली आणि सवयीनं टाच आपटली. मग तिसरं ताट उचललं आणि मडक्यांमागं पालथं ठेवलं.