पोस्टकार्डाएवढी फट

एका रविवारी सकाळी दौंडच्या हसनचाचांनी माझी चोरी पकडली. गुन्हा काय... तर स्वतःच्याच मोटरसायकलची घरी गुपचूप केलेली दुरुस्ती!

साल बासष्ट-त्रेसष्ट असेल. मी वरवंडला राहायचो, पाटबंधारे खात्यात कारकून होतो. कालव्याच्या कामाला पाटस, खुटबाव असं रोज फिरावं लागे, आणि बुडाखाली मिलिटरीच्या लिलावातली जुनी मोटरसायकल. तिचे नखरे विचारू नका!

गाडी लिलावात निवडून दिली चाचांनी, चालवायला आणि उघडून दुरुस्त करायला शिकवलं चाचांनी. दौंड स्टेशनजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा हात फिरला की गाडी अशी चालायची की बस्स.

पण त्या वर्षी चाचांकडून आणलेली गाडी वाटेतच खोकायला लागली. एकदा बघितलं, चाचांचा स्क्रू ड्रायव्हर तीन वेळा स्क्रूच्या शेजारी टेकला... मोतीबिंदू. कुणाला बोलले नव्हते.

बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून नव्या गॅरेजकडे वळली. मीही गेलो असतो, तर त्या शेडमध्ये एकसुद्धा गाडी उभी राहिली नसती. हातचं काम सुटलं की माणूस कसा खचतो, ते मी माझ्या वडिलांच्या बाबतीत बघितलं होतं. माझं काही धाडस होईना.

मग मी एक युक्ती काढली. रविवारी चाचांकडे जायचं, त्यांना काम करू द्यायचं, चहा प्यायचा. घरी आलो की अंगणात गाडी उघडून पॉइंटची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन टोकांमधली, फट परत लावायची. ठिणगीचा सगळा खेळ त्या फटीवर, आणि माझं माप म्हणजे पोस्टकार्डाची जाडी!

बायको म्हणायची, "घरीच करताय तर चाचांकडं जाता कशाला? दहा मैलांची रपेट उगाच!" म्हणायची खरी, पण चाचांसाठी भाकरी आणि ठेचा तीच बांधून द्यायची.

तर त्या रविवारी मी पोचलो आणि गाडी बंद करणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "राहू दे चालू." टाकीवर हात ठेवून, मान तिरकी करून ऐकत राहिले.

"पॉइंट तूच लावतोस नव्हं?"

"छे हो चाचा! गेल्या रविवारी तुम्हीच तर..."

"खोटं नको बोलू बेटा. हितनं जाती तवा खोकत जाती, आन् येती तवा गात येती. डोळं गेलं माजं, कान न्हाई गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

चाचा बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते...

"बोललो असतो तर तू यायचा बंद झाला असतास. तुझ्याबिगर कोन येतंय हितं आता?"

मला रडू आवरेना. भर सकाळी, रस्त्यावरच्या दुकानात, सरकारी नोकरीतला माणूस हुंदके देतोय... काय ते ध्यान!

चाचांनी हत्यारांची पेटी माझ्याकडे सरकवली. "बस हितं. लपूनछपून काय करायचं न्हाई. तू फट लाव, मी ऐकतो."

नंतर दोन-अडीच वर्षं, चाचा होते तोवर, माझा प्रत्येक रविवार त्या शेडमध्ये गेला. फट कमी, फट जास्त, ते नुसतं ऐकून सांगायचे... आणि कधी चुकले नाहीत.

गाडी मिस्त्रीकडे न्यावी की घरी उघडावी, असं आजही कुणी विचारतं. मी म्हणतो, ज्यानं शिकवलं तो असेतोवर त्याच्या शेजारी बसून उघडावी. चाचा, मी तुमच्याशी खोटं बोललो... आणि माझं खोटं तुम्ही इतके दिवस गोड मानून घेतलंत, ते मी विसरलेलो नाही.