नळी काढली त्या दिवशी

मी झरीच्या शाळेत शिकवत होते आणि माझी मुलगी माझ्याच वर्गात, दुसरीत बसायची. वरचेवर न्यूमोनिया होऊन तिच्या डाव्या फुफ्फुसात पू झाला. परभणीच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात निम्मं फुफ्फुस कापून काढलं आणि घशात नळी घालून तिला श्वासाच्या मशीनला जोडलं. कापूस वेचणीला आला होता, म्हणून तिचे वडील गावी परतले.

डॉक्टर मशीनचे श्वास थोडे थोडे कमी करायचे. म्हणायचे, "बाकीचे हिनं स्वतः घ्यायचे. मशीनची सवय मोडावी लागते." श्वास ओढताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा. नळीमुळे बोलता येत नव्हतं. मी कानाशी म्हणायची, "घे बाळा. आता सोड." ती दमली की मशीन पुन्हा वाढवावं लागायचं.

अखेर नळी काढायचं ठरलं. मी परभणीला ओळखीच्या दुकानात फोन करून यांना निरोप धाडला.

सकाळी नळी निघाली. ती खोकली, टाके दुखले म्हणून रडली, पण रडण्याला आवाजच नव्हता. दुपारी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, बाबा कवा येणार हायेत?"

"यायलेत बाळा. निघालेत."

"मग आपण घरी जाऊ."

ते खरंच निघाले होते. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून आंदोलकांनी रस्ते अडवलेले. त्यांची बस वाटेत देवगाव फाट्यावर अडकून पडली.

संध्याकाळी तिची धाप वाढली, ओठ निळसर झाले. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं आणि नळी परत घातली.

दुसऱ्या दिवशी हे आले, टॉवेलात बोरं बांधून. तिनं डोळे उघडले, त्यांचं बोट धरलं.

"बोल की माय," हे म्हणाले.

"नळी हाय," मी म्हटलं. "काल लय बोलली."

मग ताप चढला तो उतरलाच नाही. मशीन कमी करायचं कुणी पुन्हा बोललं नाही. ती मशीनवरच गेली.

गावी आल्यावर बऱ्याच दिवसांनी हे एकदा जेवता जेवता थांबले. "त्या दिवशी ती काय म्हणली होती?"

मी सांगितलं.

"तसंच म्हणून दाखव. तिच्या आवाजात."

मी तोंड उघडलं. शब्द आले, तो आवाज काही निघेना.

"राहू दे," ते म्हणाले, आणि ताटावरून उठून बैल सोडायला गेले.