मामांचं पंचेचाळीस साल

जगात कुठेही दोन माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, की त्याचं मूळ माझ्या मामांना एकोणीसशे पंचेचाळीस सालातच सापडायचं. नागपूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला. म्हणजे खरं तर दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची तीन-चार वर्षंच शिकवली. उरलेला इतिहास पोरांनी आपापला वाचून घ्यायचा. अमेरिका आणि रशिया एका बाजूने लढले, जर्मनीतल्या एका नदीवर त्यांच्या सैनिकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि बघता बघता वैरी झाले, हे सांगताना मामांचा आवाज असा खाली यायचा, की शेजारच्या घरातलं काहीतरी सांगतायत असं वाटावं. रिटायर होऊन मामींसह मुलांकडे कॅनडात आले, तेव्हा विमानतळाबाहेर पडता पडता त्यांनी नायगाराची चौकशी केली नाही; "ओटावा किती लांब?" असं विचारलं. युद्ध संपून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिथल्या रशियन वकिलातीतला एक कारकून हेरगिरीचे कागद अंगावर लपवून बाहेर पडला होता. तो आधी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला, तर तिथे त्याला कुणी उभंही केलं नाही! हे सांगताना मामांना अजूनही त्या वर्तमानपत्राचा राग यायचा. तो कारकून जिथे राहायचा त्या इमारतीसमोर त्यांनी मामींचा फोटो काढला. फोटोत इमारत धूसर आहे आणि मामी थंडीने काकडून गेल्यात.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना 'ज्येष्ठांचे मनोगत' म्हणून पाच मिनिटं दिली होती. मामांनी बर्लिनची वाटणी सुरू केली. चाळीस मिनिटांनी अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, ती मामांनी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता आपण फ्रेंच विभागाकडे वळू." मोदक थंडगार झाले. मामी पहिल्या रांगेत बसून हसत होत्या. त्यांना ते व्याख्यान ऐकून ऐकून पाठ झालं होतं आणि मामा कुठे अडखळले तर त्या ओठांनीच पुढचा शब्द पुरवायच्या.

मामी गेल्या आणि सगळंच बिनसलं.

मामांचा थोरला मुलगा ओकव्हिलला, धाकटा वॉटर्लूला, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मामींच्या आजारपणात दोघांनी दोन वर्षं वार वाटून घेतले होते. कुणी केमोला न्यायचं, कुणी रात्री थांबायचं, सगळं एका शीटवर. त्या दिवसांत त्यांच्यात एकदाही आवाज चढला नाही. शेवटी डॉक्टरांनी ट्रीटमेंट थांबवायचं विचारलं तेव्हा धाकटा बर्फात हायवेवर अडकला होता. थोरल्याने फॉर्मवर सही केली. चार दिवसांनी मामी गेल्या.

"मला न विचारता साइन केलंस?"

"तू फोन उचलत नव्हतास."

एवढंच. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

मामा दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे राहू लागले. मी ग्वेल्फला, बरोब्बर मधे. म्हणून त्यांची अदलाबदल माझ्या गावातल्या एका कॉफी शॉपच्या पार्किंगमध्ये व्हायची. दोन्ही गाड्या दोन टोकांना उभ्या. भाऊ काचासुद्धा खाली करायचे नाहीत. मी मामांची बॅग एका डिकीतून काढून दुसरीत ठेवायचो. मामा मधून हळूहळू चालत जायचे, कानटोपी घालून, बर्फावर पाय जपत. एकदा म्हणाले, "मला बर्लिन केलंय रे यांनी." मी हसलो. ते हसले नाहीत.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत थोरला त्यांना सोडून निघून गेला आणि धाकटा बर्फामुळे उशिरा येणार होता. आम्ही आत कॉफी घेऊन बसलो. मामा फारच गप्प होते. त्यांना खुलवावं म्हणून मी त्यांचाच अमेरिका-रशियाचा विषय काढला.

"मामा, पण खरं सांगा, नक्की सुरुवात केली कुणी?"

"मी," मामा म्हणाले.

मी कप खाली ठेवला.

"तुझी मामी मला म्हणाली, आता पुरे करा. मुलांना सांगायचं तिला धाडस होईना. मलाही होईना. थोरल्याला म्हटलं, तू सही कर, पण मी सांगितलं असं कुणाला बोलू नकोस. त्याने ते आजवर पाळलं. मला वाटलं, आठवडाभर भांडतील आणि विसरतील. मग एकेक दिवस जात गेला, आणि मला भीती वाटत गेली, की धाकटा मला काय म्हणेल."

मी फोन पुढे केला. मामांनी थोरल्याला परत बोलावलं. तासाभराने दोघं भाऊ माझ्या डायनिंग टेबलाशी बसले, आणि जगाच्या भांडणांवर तास तास बोलणाऱ्या मामांनी तीन वाक्यांत सगळं सांगून टाकलं.

धाकटा उभा राहिला. "बाबा, वर्षभर माझ्या घरी जेवलात. होल इयर! आणि मी दादाला..." तो बाहेर गेला. जॅकेट खुर्चीवरच राहिलं. थोरला ते घेऊन त्याच्यामागे गेला.

मामा टेबलाशीच बसले होते. मी खिडकीशी उभा होतो.

"बोलतायत का रे?"

"बोलतायत."

"माझ्याबद्दल?"

"असेल."

"असू दे," मामा म्हणाले. "बोलतायत ना."

भावांचं जुळलं. धाकटा मात्र मामांशी वर्षभर बोलला नाही. थोरला न्यायला आला, पण मामांनी नको म्हटलं आणि ते आमच्या बेसमेंटमध्ये राहिले. माझ्या मुलीला ते मराठीत इतिहास सांगायचे. ती इंग्रजीत शंका विचारायची. पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी धाकटा एक हीटर घेऊन आला. खाली गेला, हीटर लावला, गरम होतोय का बघितलं आणि मग पलंगाच्या कडेला बसून राहिला. दोघांनी मिळून टीव्हीवर बर्फावरच्या हॉकीची अख्खी मॅच पाहिली. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. निघताना धाकटा म्हणाला, "सॉक्स घालत जा, बाबा," आणि मामांनी लगेच घातले.

तो हिवाळा सरला आणि वसंतात मामा गेले. बेसमेंट आता मुलीची स्टडी आहे. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला मी खाली जातो, काम पाच मिनिटांचं असतं, पण वर यायला मला जरा वेळच लागतो.