काय दिसतं ते सांगा

फौजेतून सुटीवर आलो की घाटनांदूरच्या बाजारात एक प्रश्न ठरलेला असायचा. "मग, किती दुश्मन लोळवले?" मी सांगायचो, एकही नाही. लष्कराच्या दवाखान्यात मी डोळे तपासायचो. जवानाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायला लावायचा, भिंतीवरचा तक्ता वाचून घ्यायचा, बॅटरीनं डोळ्यात उजेड टाकून बघायचं. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचं तोंड उतरायचं. आमच्या लिंगायत वाण्याच्या घरातला पहिला फौजी, आणि तोही बॅटरीवाला! आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर माझं फौजेत जाणंच पटलं नव्हतं. चांगलं किराणा दुकान सोडून पोरगा लोकांच्या डोळ्यात उजेड मारत बसतो, असं ते गिऱ्हाइकांना नाक मुरडून सांगत.

जवान गोळीला भीत नाही, पण डोळ्याच्या तपासणीला भितो. गाडी चालवणाऱ्याला तर वाटतं, नजर कमी निघाली की स्टीअरिंग गेलंच. मग ते बाहेर रांगेत उभे राहून पुढच्याचं वाचन ऐकायचे, पाठ करायचे आणि आत येऊन घडाघडा म्हणायचे. मी नवा होतो, खूश व्हायचो. आमच्या डॉक्टर मेजरसाहेबांनी एकदा गुपचूप तक्ता बदलला, तर एक पठ्ठ्या जुनाच तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोकळा झाला. हसून झाल्यावर साहेब मला म्हणाले, "'दिसतं का' असं विचारूच नये. माणूस हो म्हणतो. काय दिसतं ते विचारायचं आणि गप्प बसायचं."

एका दिवाळीला घरी आलो तर आप्पा बोलताना माझ्या तोंडाकडे बघेनात. नजर माझ्या कानावरून पलीकडे. म्हटलं, म्हाताऱ्याचा राग अजून गेलेला नाही. मीही त्यांचाच मुलगा, मीही फुगून बसलो. शेवटी आई म्हणाली, "तुझ्यावरच न्हाई रं, आताशा समद्यांकडंच तसं बघायलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पूजेला बसले तेव्हा मी मुद्दाम जवळ बसलो. आमच्यात गळ्यातल्या चांदीच्या चौकीतून, म्हणजे डबीतून, काळं गोल इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात, बेलाचं पान वाहतात आणि त्याच्याकडे एकटक बघत जप करतात. आप्पांचा तो तळहात मी लहानपणापासून त्यांच्या नाकासमोर पाहिलेला. आज तो एका बाजूला सरकला होता आणि मान दुसरीकडे वळली होती. आप्पांचा डावा डोळा लहानपणीच विटी लागून अधू झालेला, सगळा कारभार उजव्यावर होता.

"आप्पा, दिसतंय ना नीट?" तोंडातून निघून गेलंच.

"दिसतंय की."

साहेब आठवले. मी विचारलं, "काय दिसतंय?" आणि गप्प बसलो.

आप्पा हसले. माझ्याशी बोलताना इतकं मोकळं ते कित्येक वर्षांत हसले नव्हते. "कुणाला सांगू नको. महादेव दिसतो. जिकडं बघावं तिकडं मधोमध काळा गोल. भिंतीवर हाय, तुझ्या तोंडावर हाय. जलमभर तळहातावर धरून बघितला, आता नजरंतच येऊन बसलाय."

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रक्त उतरलं की असाच काळा डाग दिसतो. वेळेवर डोळ्यात औषधाच्या सुया दिल्या तर नजर वाचते, नाहीतर मधलं कायमचं जातं. आप्पांना दुसरा धड डोळा नव्हता. आणि ते तर प्रसाद मिळाल्यासारखे समोर बसले होते! मला रडूही येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. मला गोड बोलता येत नाही, सरळ सांगून टाकलं की हा रोग आहे.

आप्पा असे भडकले की शेजारचे फळवाले चाचा दारात येऊन उभे राहिले. "फौजेत जाऊन देवाला रोग म्हणायला शिकलास?" दिवसभर ते जेवले नाहीत. आई मलाच बोलली.

संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्यापाशी जाऊन बसलो. वाद घातला नाही. "आप्पा, पूजेला बसल्यावर तळहातावर काय दिसतं?"

ते हळू म्हणाले, "तेच तर दिसत न्हाई. सरळ बघावं तर काळंच येतंय. मान वळवली तर जरासा दिसतो." त्यांनी डावा तळहात चाचपला. "नजरंत आलाय तर हातातून कशानं गेला? वाटलं, माझंच कायतरी चुकलं आसंल."

म्हणजे त्यांनाही शंका होती. एवढे दिवस एकट्यानं ती गिळून ते बसले होते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून, उशीर करू नका, म्हणून सांगितलं. फौजीच्या आईबापाला लष्कराच्या दवाखान्यात उपचार मिळतात, म्हणून आप्पांना मी माझ्याच ठिकाणी नेलं. जवान ज्या खुर्चीत बसायचे तिच्यात आप्पा धोतर सावरून बसले, आणि भिंतीवरचा तक्ता मी माझ्या बापाला वाचायला लावला. डोळ्यात सुई म्हटल्यावर त्यांनी जपच सुरू केला. मेजरसाहेब जप संपेपर्यंत सुई हातात धरून थांबले. त्या थांबण्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. सुया काही महिने चालल्या. डाग आधी करडा झाला, मग विरत गेला.

घरी परतल्यावर आप्पा पूजेला बसले. मी समोर. तळहात नाकासमोर होता. जप संपेपर्यंत मीही थांबलो.

"काय दिसतंय, आप्पा?"

"महादेव हाय. बेलाचं पान हाय. पानाखाली हाताच्या रेघा हायत." मग त्यांनी मान वर केली आणि नीट माझ्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिले.

"तुझे कल्ले पिकले की रं," ते म्हणाले. "कवा पिकले?"