सहा देव, सात देव आणि भाचीचा प्रोग्राम

मित्रहो, आज मला हेवा वाटला आणि मी तो लपवणार नाही.

आम्हा गोंडांत आडनावावरून कुळाच्या देवांचा आकडा कळतो. सारख्या आकड्याच्या कुळांत सोयरीक होत नाही. आमच्या देवरी गावात कोणाचे देव किती, हे लोक मलाच विचारतात. आज भाची सुनीताने आडनाव टाकले की आकडा सांगणारा संगणकाचा प्रोग्राम दाखवला: प्रत्येक आकडा ही किल्ली, तिला आडनावांची यादी जोडलेली. सगळे सोयरे तिच्याभोवती जमले.

तेवढ्यात मला चूक दिसली आणि मी खूश झालो. "तुझा बाप सहा देवांचा कवापासून झाला व?"

"मामा, सहा आणि सातच्या याद्या उलट्या जोडल्या गेल्या," ती हसली. क्षणात दुरुस्त केले. लोक पुन्हा तिलाच विचारू लागले.

आयुष्यभर भाषणांवर टाळ्या घेतल्या. आज तिच्यासाठी एक वाजवता आली नाही. तुम्हाला आली असती?